आत्याचं कडं निघत नाही

मिदून, जेर्बा

प्रिय खदूजाताईस शाद्लियाचे प्रेमाचे सलाम. तुझे गुडघे, भावोजींचा दमा आणि तुमच्या ट्यूनिसमधली ती भांडकुदळ शेजारीण, सगळे ठीक असतील अशी आशा. आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे माझा उजवा हात सोडून. (अक्षर असं वेडंवाकडं आहे ते म्हणूनच. डाव्या हाताने लिहिते आहे.)

झालं असं, की परवा लेकीला बघायला मंडळी आली. कुस्कुसची परात घेऊन मी थाटात निघाले आणि बोटं एकदम बधिर! परात थेट होणाऱ्या विहीणबाईंच्या मांडीवर. (बाई भली. म्हणाली, "इतकी घाई कशाला, आधी लग्न तर होऊ द्या!") मग मोख्तारने नवऱ्याचं कर्तव्य म्हणून मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काडीसारखी पोर. म्हणाली, मनगटात हाडांचा एक अरुंद बोगदा असतो, त्यातून जाणारी नस चेपली आहे, आणि लठ्ठ माणसांत हे जास्त होतं. वजन कधीपासून वाढलं? मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "लग्नाआधीच्या चाळीस दिवसांत. आमच्या खदूजाने वाढवलं." तिने तुझं नाव कागदावर लिहून घेतलं, बहुधा औषध समजून.

ताई, काय दिवस होते गं ते! नवरी गोरी-गुबगुबीत व्हायला हवी म्हणून खिडक्या बंद, ऊन नाही, काम नाही. तू मध-तेलात मळलेले बसीशाच्या भाजक्या पिठाचे गोळे भरवायचीस आणि आत्या दर शुक्रवारी माझ्या उजव्या मनगटात घातलेलं आपलं चांदीचं कडं फिरवून बघायची. "अजून फिरतंय! भरव तिला, भरव!" ज्या दिवशी ते हललं नाही, त्या दिवशी नवरी तयार झाली म्हणाली आणि रडत बसली. तेव्हापासून ते कधी निघालंच नाही. आणि खरं सांगते, इतकी लाडकी मी पुन्हा कधीच कोणाची झाले नाही.

भावोजींना सलाम, नातवंडांचे पापे.

तुझी,
शाद्लिया

ता.क. गुरुवारी शस्त्रक्रिया आहे. त्याआधी कडं काढायलाच हवं, आणि सोनार म्हणतो कापावं लागेल. आत्याची तेवढीच एक वस्तू माझ्याकडे उरली आहे. मी कापू देणार नाही म्हणून हटून बसले आहे. भरवून भरवून तूच ते अडकवलंस, आता साबण-तेल घेऊन तूच काढायला ये.

ता.क. २ : वीस किलो कमी करायचं मी डॉक्टरीणबाईंना कबूल केलं आहे. तरी येताना बसीसा आण. हात बांधल्यावर कोणीतरी भरवायला हवंच, आणि मोख्तार दुसऱ्या घासालाच "पुरे ना?" विचारतो. "अजून एक" म्हणणारी आता तूच उरली आहेस.