मोहन्याच्या मैदानाची लेव्हल

१० मार्च, मंगळवार
मोहने. प्राथमिक शाळेचं मैदान, २८ बाय १९ मीटर. पावसात चिखल होतो म्हणून सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवायचेत. ड्रॉइंग आमच्या ऑफिसकडे, सर्व्हे माझ्याकडे. जमिनीची लेव्हल, म्हणजे उंचसखलपणा, मोजायला सकाळी दर दोन मीटरवर फक्कीच्या रेघा मारल्या. जाळी सरळ आली. मुख्याध्यापिका मोरे बाईंची सही घ्यायला आत गेले, दहा मि. बाहेर येते तर चौथीचा वर्ग जाळीत लंगडी घालतोय.
"ताई, थँक्यू हां! एवढं मोठं ग्राउंड कोणी आखून दिलं नव्हतं."
गैरसमज दूर करायला हवा होता. केला नाही.

११ मार्च, बुध.
नियम कळले. राज्य असलेल्याचा पाय रेघेवर पडला की बाद. पळणाऱ्याने एका चौकोनात तीन मोजेपर्यंतच थांबायचं. नियम तन्वीचे. वय नऊ. कॅप्टन तीच, पंच तीच, अपीलही तीच करते.
माझ्या निम्म्या रेघा पुसल्या. पुन्हा मारल्या.
गेटजवळ जुने ब्लॉक आहेत, तिकडे कोणी खेळत नाही. का?
"बूट काढून उभी राहा ना ताई."
दुपारी साडेबारा, ब्लॉक तापलेले. राहिले. चौदा सेकंद.

१२ मार्च, गुरु.
तन्वीने थेट विचारलं, तू मोजतेस कशाला? खरं सांगितलं.
"सगळीकडे ब्लॉक? मग लंगडी कुठे?"
पावसात चिखल होतो म्हणून, मी म्हटलं.
"चिखल तर फक्त नळाजवळ होतो."
वही बघितली. नळाजवळची जागा उलट सगळ्यात उंच. तसं म्हटलं.
"उंच? ताई, तिथे आम्ही होड्या सोडतो!" अख्खा वर्ग हसला.
लेव्हलची पट्टी तिथे पुन्हा उभी लावली. १.५२; पट्टीवर आकडा मोठा म्हणजे जागा खोल. वहीत मी १.४२ लिहिलेलं. दहा सें.मी.ची चूक, चौथीतल्या मुलीने पकडली. सहा वर्षांत पहिली. म्हणजे, पकडली गेलेली पहिली.

१३ मार्च, शुक्र.
आकडे दुरुस्त केल्यावर चित्र साफ. सगळं पाणी नळाच्या कोपऱ्यात येतं. तिथून बाहेरच्या गटारापर्यंत एक नाली, तिला नीट उतार, बस. माती तशीच राहू शकते.
बाळकुमच्या ऑफिसात साळवी सरांना दाखवलं.
"तुला ब्लॉकचं ड्रॉइंग सांगितलेलं."
"तेही केलंय, सर."
"ब्लॉकवर खेळायला काय होतं पोरांना?"
"चौदा सेकंद, सर." मग समजावून सांगावं लागलं. हसले. दोन्ही पाठव म्हणाले. ठरवणार शाळेची पालक समिती, मंगळवारी.

१४ मार्च, शनि.
मला सुट्टी, शाळेला नाही. मोहन्यात काही काम नव्हतं. गेले.
लंगडी खेळले. याआधी कधी, ते आठवत नाही. सातव्या उडीला तोल गेला, आडवी. मातीच होती, खरचटलंसुद्धा नाही.
"आउट! काय गं, इंजिनिअर ना तू?"
मोठ्याने हसले. मोरे बाई वर्गातून बघायला बाहेर आल्या, इतकं.
डोंबिवलीला घरी आल्यावर आई: "कुठे लोळून आलीस?"
"साइटवर."
खोटं नाही.

१७ मार्च, मंगळ.
समिती. मोरे बाई मातीच्या बाजूने. विरोधात एक आई.
"मॅडम, चिखलाचे युनिफॉर्म धुवायला तुम्ही येणार का?"
नाली दाखवली, उतार दाखवला. शांतपणे ऐकलं त्यांनी.
"आणि तरी पाणी थांबलं तर?"
उताराचा आकडा होता. तो सोडून वही मिटली.
"तर येईन धुवायला."
हे मी बोलले. लेखी काही नसताना. सगळे हसले, त्या बाईसुद्धा. ती तन्वीची आई, हे नंतर कळलं.
निर्णय: नाली आत्ता. ब्लॉकचं एक पावसाळा बघून, दिवाळीनंतर.
बाहेर चौथी खिडकीला लटकलेली, सगळं ऐकलेलं. कोणीतरी कोणाला तरी बाद करतच माझ्याभोवती तीन फेऱ्या झाल्या. मग तन्वी थांबली, धापा टाकत.
"ताई, पाणी थांबलं तर माझा स्कर्ट पहिला हां. नंबर लावून ठेवतेय."
घरी येऊन उतार पुन्हा तपासला. बरोबर आहे. बहुतेक.