म्हणे माझा क्लच!

मंगळवार, संध्याकाळ. भेस्तान.

मागचे स्प्रिंगचे पाटे बदलल्यापासून व्हॅन वेग घेतला की थरथरते. मिस्त्री म्हणतो, "बेन, गाडी बराबर है, आप क्लच ठीक से नहीं छोड़तीं." आमचे हेही हसले. म्हणे माझा क्लच! सचिन गावातल्या कारखान्यात बायकांना रोज कोण नेतं?

आज स्वतःच गाडीखाली शिरले. पाट्याखालची पाचर उलटी बसवलेली! त्यामुळे मागच्या अ‍ॅक्सलमधल्या पिनियनचं तोंड वर आणि इंजिनाकडून त्याला येऊन मिळणारा शाफ्ट भलत्याच कोनात फिरतोय. भर रस्त्यात तुटला असता तर? तोही माझा क्लच?

मिस्त्रीला दाखवलं, समोर उभं राहून पाचर फिरवून घेतली. तर तो चावी ह्यांच्यापुढे धरतो. "लो भाई, अब ठीक चलेगी."

मी ती मधेच घेतली. ह्यांना म्हटलं, "मागे बसा."

कामरेजपर्यंत गाडी भरवेगातही थरथरली नाही. क्लच माझाच होता!