प्रार्थनेत सांगितलेली गोष्ट

पप्पा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी खोपोलीच्या आपल्या चर्चच्या मंडळीत तुमचा विषय निघाला की लोकांचे आवाज मऊ होतात. परवा नवे पाळक घरी आले होते. तरुण आहेत, त्यांनी तुम्हाला पाहिलेलंही नाही. येत्या रविवारी सुगीची उपकारस्तुती आहे. लोक नवा तांदूळ, भोपळे, केळीचे घड आणून वेदीपुढे ठेवतील, मग त्यांचा लिलाव होईल, सगळं तुमच्या वेळेसारखंच. त्या दिवशी संडे स्कूलच्या मुलांना मी तुमचे बागेतले धडे सांगावेत, असं त्यांचं म्हणणं. "जीभ कशी राखावी, प्रार्थना कशी करावी, हे ते झाडांवरून शिकवायचे म्हणे. तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?" मी चहा ओतून कप त्यांच्यापुढे ठेवला. हो म्हणाले, आणि हो म्हणतानाच मनाशी ठरवलं की सगळं सांगायचं. मुलांच्या मागे बसलेल्या आईबापांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचं, की जिभेचे धडे देणाऱ्या या माणसाने स्वतःच्या जिभेने लेकीचा संसार मोडला. ते वाक्य मी भांडी घासताना दोनतीनदा म्हणूनही पाहिलं.

धडे मला पाठ आहेत, त्याला इलाज नाही. तुम्ही कळंबला मुंबईच्या शेठच्या बंगल्याची बाग सांभाळायचात, आठवडाभर तिथेच राहायचात आणि शनिवारी घरी यायचात. मी दहाएक वर्षांची असेन. एका शनिवारी मी आईला म्हणाले, "तुझ्या भाकरीपेक्षा शेजारणीची शिळी बरी." आई चुलीकडे तोंड करून उभी राहिली, वळलीच नाही. तुम्ही मारलं नाहीत. सुट्टीच होती, सोमवारी मला कळंबला घेऊन गेलात. मी वांग्याच्या रोपाशी बसले आहे, तुम्ही माझ्या हातात ताज्या शेणाची बादली देता आणि म्हणता, घाल सगळं. मला वाटतं, हीच शिक्षा. चार दिवसांनी पानांच्या कडा करपतात, रोप मान टाकतं. "बघितलंस का गं?" तुम्ही माझ्याशेजारी उकिडवे बसता. "शेण वाईट नाय. कच्चं हाय, म्हणून जाळतं. खड्ड्यात टाक, कुजू दे, मग त्याचंच खत होतं. तोंडात आलेला शब्द बी तसाच. लगेच टाकायचा नाय." मी रडते ती रोपासाठी रडते, आईसाठी नाही, आणि ते तुम्हाला कळतं.

प्रार्थनेचा धडा झारीचा होता. पानांवर पाणी शिंपडलं की झाड चकाकतं, शेठ खूश होतो, पण मुळं कोरडीच राहतात. "पाणी मुळाशी. बघणाऱ्याला दिसाया नाय घालायचं." पुढे मी बागेत एकटीच वाकून झाडाच्या बुंध्याशी प्रार्थना करायची. बाकीच्या पोरींना मोठ्या आवाजाची हौस होती, मला पुटपुटण्याची. आळं भरेपर्यंत मी कुणाकुणासाठी काय काय मागायची, ते माझं मलाच ऐकू यायचं नाही. ते दिवस मला आवडायचे. हे लिहितानाही आवडतात, म्हणून जास्तच राग येतो.

माझं लग्न मंडळीतल्याच घरात झालं. नवरा कारखान्यात होता, शांत माणूस. मूल होईना, तशी सासू मला प्रत्येक सभेत पुढे करायची, येईल त्या प्रचारकाचा हात माझ्या डोक्यावर ठेवून घ्यायची. आम्ही दोघं गुपचूप डॉक्टरकडून तपासून घेऊन आलो. दोष त्याच्यात निघाला. स्टेशनवर गाडीची वाट बघताना त्याने माझा हात धरला. चारचौघांत त्याने असा हात कधी धरला नव्हता. म्हणाला, "कुणाला नको सांगूस. लोक तुला बोलतात ते मला दिसतंय. थोडं सोस, मी वाट काढतो." मी सोसलं. पुढच्या महिन्यात कळंबला तुम्हाला डबा घेऊन आले. तुम्ही पेरूची गुटी बांधत होतात, फांदीची साल गोल काढून त्यावर ओलं शेवाळ. माझ्याकडे न बघता म्हणालात, "काय झालंय पोरी? बोल. तुझा बाप हाय मी." आणि मी बोलले. कुणाला कळू द्यायचं नाही, हेही बोलले. तुम्ही सुतळीची गाठ मारलीत आणि मान डोलावलीत. किती हलकी होऊन मी त्या दिवशी घरी गेले!

त्याच आठवड्यात आमच्याच घरी, माझ्या सासरी, प्रार्थना सभा होती. सतरंजीवर एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. शेवटची प्रार्थना नेहमीसारखी तुमच्याकडे. तुम्ही गुडघ्यांवर बसलात आणि आवाज चढत गेला. आजारी माणसं झाली, परीक्षेला बसलेली पोरं झाली, मग तुम्ही म्हणालात, हे स्वर्गीय बापा, माझ्या जावयाच्या देहात जो दोष डॉक्टरांना सापडला आहे तो तू दूर कर, माझ्या निर्दोष लेकीवरचा कलंक पुसून टाक. मी डोळे उघडले. सगळ्यांचे मिटलेले होते. सासूचे ओठ हलायचे थांबले होते. तो भिंतीला टेकून, मांडीवर हात ठेवून बसला होता, डोळे मिटलेलेच. तुम्ही येशूच्या नावाने मागितलंत आणि सगळ्यांबरोबर तोही आमेन म्हणाला. मग चहा झाला. त्याने सगळ्यांना बिस्किटांची ताटली फिरवली.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्यापुढे उभी राहिले. आई दारात होती. "का बोललात?" मी विचारलं. तुम्हाला खरंच आश्चर्य वाटलं, ते मी अजून विसरले नाही. "मी कुठं बोललो गं? मानसांशी मी एक शब्द बोललो नाय. मी देवाशी बोललो." आई म्हणाली, "अवो, पन खोलीत मानसं व्हती ना." तुम्ही तिच्याकडे असं बघितलंत की ती आत गेली. तुम्ही विश्वासाच्या गोष्टी सांगू लागलात. बाप लेकीसाठी देवाजवळ नाही मागणार तर कुणाजवळ मागणार, म्हणालात. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते आणि एकच कळत होतं, की माझ्यावरचा डाग पुसला गेल्याचा तुम्हाला आनंद आहे. बाकी काही तुम्हाला दिसतच नाही.

नवरा ओरडला नाही, हात उचलला नाही. "तू वचन मोडलंस," एवढंच म्हणाला, आणि ते खरंच होतं. पण कारखान्यात दुसऱ्याच दिवशी त्याला कुणीतरी हसून विचारलं, कुठली प्रार्थना लागू पडते रे? पावसाळा संपायच्या आत त्याने गुजरातेत नोकरी धरली आणि मला बोलावलं नाही. मी तुमच्याच घरी परत आले, तुमच्यासाठी भाकऱ्या थापल्या, शेवटच्या दुखण्यात तुमचं अंथरूण बदललं. पुढच्या सगळ्या वर्षांत तुम्ही त्यावर एक शब्द काढला नाहीत. माझ्यासाठी प्रार्थना मात्र रोज केलीत, मोठ्याने. त्या सभेनंतर मी चारचौघांत कधी प्रार्थना केली नाही. बायका समजायच्या की मी लाजते.

आता या बुधवारचं सांगते. शेजारच्या घरात पोशीर गावची सून आली आहे. शेतकऱ्याघरची, लग्नासाठी बाप्तिस्मा घेतलेली. माझ्याकडे कढीपत्ता न्यायला येते. मागच्या आठवड्यात अंगणात उभी राहून म्हणाली, "मावशी, एक सांगू? आईनं दिलेली देवीची तसबीर माझ्या पेटीत हाय. सांजच्याला पेटी उघडून हात जोडते. येशूला बी जोडते. पाप हाय का गं हे?" मी म्हटलं, तू आणि देव बघून घ्या, मला काय विचारतेस? ती हसली, रडलीही. बुधवारी महिला संघाची प्रार्थना तिच्याच घरी होती. संघाच्या बाई म्हणाल्या, "नव्या सुनेसाठी आज तुम्हीच प्रार्थना करा. तुमच्यापाशीच बोलते ती." नको म्हणता म्हणता मी डोळे मिटले.

"हे स्वर्गीय बापा," मी म्हटलं, आणि खोली गप्प झाली. पप्पा, ती शांतता मला माहीत नव्हती. सगळ्या जणी माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत होत्या, आणि त्यांना ठाऊक नसलेलं मला ठाऊक होतं. वाक्य आपोआप जिभेवर आलं, हिच्या मनातली जुनी ओढ तू काढून घे. त्यात काळजी होती, माया होती, खोटं काहीच नव्हतं. तोंडात ते इतकं गोड लागलं की मी घाबरले. "हिला सुखात ठेव," म्हणाले आणि आमेन म्हणून टाकलं. बायकांना ते फारच थोडं वाटलं. तिची सासू म्हणाली, "येवडंच?" पोरगी मान खाली घालून पदराचं टोक पिळत बसली होती.

पाळकांना मी निरोप पाठवला की रविवारी जमणार नाही, गुडघा दुखतो. तुमचा गुन्हा लोकांपुढे मांडायला मी उतावीळ झाले होते, तेव्हाही तोंडाला हीच गोडी आली होती. ते बुधवारी ओळखलं. याचा अर्थ मी तुम्हाला माफ केलं असा घेऊ नका. माफ केलेलं नाही, आणि हे पत्र कुणाला दाखवणारही नाही. पुढच्या बुधवारी त्या पुन्हा मलाच प्रार्थना करायला सांगणार आहेत. खरं सांगते पप्पा, ती गोडी अजून तोंडात आहे, आणि मी त्या बुधवारची वाट बघते आहे.