कळंगुटच्या वाळूत उंब्रजच्या शेण्या

तीर्थरूप आत्याबाईंच्या पायांवर अंजनाचं डोकं.

गुडघा कसा आहे? निर्गुडीचा पाला बांधता, की वैद्याला नुसत्या शिव्या देऊन भागवता? पत्र वाचून दाखवणाऱ्या हरिबा गुरुजींनाही नमस्कार. (गुरुजी, कंसातला मजकूर तुमच्यापुरता आहे, तो मोठ्यानं वाचू नये. मलकापुरात भिंतींना कान असोत नसोत, आत्याबाईंच्या शेजारणींना नक्की आहेत.) उंब्रजला सगळं क्षेमकुशल. तुमच्या भावजय, म्हणजे माझ्या सासूबाई, ठणठणीत आहेत. परवा म्हशीनं त्यांना शेपटी मारली, तर दिवसभर म्हैसच खाली मान घालून उभी होती.

आम्ही दोघं गोव्याला जाऊन आलो हे तुमच्या कानावर आलंच असेल. पण ते सासूबाईंच्या तोंडून आलं असणार, म्हणून खरं काय घडलं ते लिहिते. तुमच्या भाच्याला बंगळूरला फॅमिली क्वार्टर मिळाली. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली, पण ह्यांचा चेहरा मला रजेपुरताच माहीत आहे. (ह्यांनी दाढी केल्यावर एकदा परका पुरुष समजून मी पदर ओढून आत पळाले होते. गुरुजी, हे वाचू नका.) मी बंगळूरची तयारी करायला लागले, तर सासूबाईंनी बैठक मारली. म्हणाल्या, "परमुलखात ही टिकायची न्हाई. चार दिसांत रडत यील. आदी आठवडाभर कुटंतरी ऱ्हाऊन दाखवा. हाटेलात गिळायचं न्हाई, भाकरी थापून खायाची. ही आजारी पडली, न्हाईतर डोळ्यातनं टिपूस काडलं, तर क्वार्टरचं नाव काडायचं न्हाई." ह्यांनी मान डोलावली. हे एकाहत्तरच्या लढाईत बंदुकीपुढे उभे राहिलेले आहेत, पण आईपुढे त्यांची मान एकाच दिशेनं हलते.

ह्यांच्या कंपनीतल्या एका गोवेकराच्या मावशीची कळंगुटला समुद्राकाठी खोली होती, स्वस्तातली. फिलोमेनाबाई तिचं नाव. तिथे जायचं ठरलं. सामान सगळं ह्यांच्या पलटणीतल्या पिट्ठूत. ते पाठीवर बांधायचं पोतं तुम्ही पाहिलंय, त्यात एक बोकड सहज मावेल. सासूबाईंनी त्यात ज्वारीचं पीठ घातलं, तवा घातला, कांदे, लसणाची चटणी, आणि मग गोठ्याकडे वळल्या. "परमुलखात जळान कुनाच्या बापाचं हाय?" असं म्हणून त्यांनी आपल्या हातानं थापलेल्या शेण्या एकावर एक रचून पिट्ठूचं तोंड आवळलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. मान हललीच होती. एस.टी.त कंडक्टरनं दोनदा हवेत नाक फिरवलं आणि विचारलं, "पाव्हणं, समदा गोठाच घिऊन निघालाय का?" आंबोलीच्या घाटात ज्यांना ज्यांना मळमळलं, त्यांनी आमच्याकडेच वळून पाहिलं. आमचा काय दोष, घाटच वाकडा आहे.

समुद्र मी पहिल्यांदाच पाहिला. आत्याबाई, कृष्णेला पूर आला की आपण घाबरतो ना, तसा पूर, पण रोजचा. अनोळखी पाण्यात पाय घालायच्या आधी त्याची ओटी भरायची असं मला शिकवलेलं, म्हणून मी हळदकुंकू वाहून खण आणि नारळ लाटेत सोडला. लाटेनं तो माझ्या पायाशी आणून टाकला. मी पुन्हा सोडला. पुन्हा आला. मला धसका बसला, म्हटलं देव ओटी परत करतोय, काहीतरी चुकलं. हे म्हणाले, "आगं, परत दिला म्हंजे परसाद झाला की," आणि तिथेच दगडावर फोडून त्यांनी त्याचं खोबरं चटणीला लावलं. खण वाहत गेला तो पलीकडच्या खोपीत राहणाऱ्या एका गोऱ्या बाईनं उचलून डोक्याला बांधला. हिरवा खण होता, बरा दिसत होता तिला.

ही गोरी बाई आणि तिचा गोरा नवरा आमच्यासारखेच होते, म्हणजे पाठीवर पोतं आणि खिशात हात. केस नवऱ्याचे जास्त लांब. फिलोमेनाबाईनं घरात शेणाचा धूर करायला सक्त मनाई केली होती, म्हणून माडाखाली तीन दगड मांडून मी तिथेच भाकरी भाजायची. शेणी पेटली की हे दोघं येऊन धुरात मांडी घालून बसायचे आणि डोळे मिटायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं उपाशी आहेत, म्हणून भाकरी दिली. ती खाल्ली आणि परत धुरात बसले. त्यांनी ह्यांना विचारलं, हे काय आहे? ह्यांनी पलटणीतलं सगळं इंग्रजी गोळा करून सांगितलं, "काऊ. होली." (गुरुजी, म्हशीच्या होत्या. पण म्हशीचं इंग्रजी ह्यांना येत नव्हतं.) झालं! दोघांनी हात जोडले आणि एक शेणी मागून नेली. ती त्यांनी लाल रेशमी फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवली, हे आम्हाला मागाहून कळलं.

मागाहून म्हणजे पोलीस आल्यावर. ते गोऱ्यांच्या खोपीत गांजा-चरस शोधायला आले होते. तिथे त्यांना रेशमात बांधलेली काळपट, कडक, गोल वडी सापडली. कुठून आणली म्हणताच दोघांनी मोठ्या भक्तीनं ह्यांच्याकडे बोट दाखवलं. फौजदारानं पिट्ठू उलटा केला, आणि वाळूत शेण्यांचा ढीग! तिकडे लाकूडफाटा चिकार. शेणानं अंगण सारवतील, पण ते वाळवून जाळायचं त्या बापड्यांना काय ठाऊक? एका शिपायानं तुकडा मोडून वास घेतला, तेवढ्यानं त्याचं भागेना म्हणून जिभेला लावला आणि फौजदाराला म्हणाला, माल जुना दिसतो. हे ताठ सावधानमध्ये उभे. मला दुसरं काही सुचत नव्हतं, एवढंच दिसत होतं की आता चौकीवर नेलं की आठवडा मोडला, आणि आठवडा मोडला की क्वार्टर गेली. मी पदर खोचला, तीन दगडांमध्ये शेणी रचली, काडी लावली आणि फौजदाराला म्हटलं, "दादा, बसा. गुन्हा भाजून दावते." काय कळलं त्याला देव जाणे, पण बसला. मी भाकरी थापली, तव्यावर टाकली, निखाऱ्यावर फुगवली आणि चटणी घालून त्याच्या हातात दिली. दुसरी शिपायांना. ज्यानं चाखलं होतं त्यानं मात्र भाकरी घेतली नाही. तो समुद्राकडे तोंड करून चुळा भरत होता.

आठवडा पुरा करून आम्ही परत आलो. मी आजारी पडले नव्हते, उलट काळीभोर आणि अंगानं भरून आले होते. जिंकलेच होते मी, आत्याबाई. तेवढ्यात सासूबाईंनी लेकाला विचारलं, "रडली का?" साधा प्रश्न होता, 'नाही' म्हणून संपला असता. पण तुमचा भाचा हरिश्चंद्राचा अवतार! म्हणाले, "तशी न्हाई. शेवटच्या सांजंला डोळ्यात वाईच पानी आलं हुतं. धुरानं."

"धुरानं असू दे न्हाईतर कशानं," सासूबाई म्हणाल्या, "पानी ते पानी. फुडल्या दसऱ्याला बगू." आणि त्या म्हशीकडे गेल्या.

असो. मी काही मनाला लावून घेतलेलं नाही. मोठ्यांचा शब्द तो शब्द. पाय जपा, उन्हात शेतावर जाऊ नका.

तुमची आज्ञेतली सून,
अंजना

ता. क. ते पाणी धुराचं नव्हतं. चूल केव्हाच विझली होती. ह्यांची रजा संपत आली होती, एवढंच.

ता. क. दुसरा. (गुरुजी, आता दार लोटून घ्या.) वर गावाचं नाव घातलेलं नाही, कारण मी मिरज जंक्शनवर बाकावर बसून लिहिते आहे. हे बंगळूरला निघालेत, आणि जाता जाता मला माहेरी कवठ्याला सोडतील असा सासूबाईंचा हुकूम आहे. मी कवठ्याला जाणार नाही. हे चहा आणायला गेले तेवढ्यात मी बंगळूरचं तिकीट काढलंय, ह्यांना अजून ठाऊक नाही. तुम्ही उंब्रजला जाऊन सासूबाईंना सांगा. त्या जगात फक्त नणंदेला भितात. तुम्हालाच का सांगते, तर मामा पलटणीत आणि तुम्ही गावात, असा तुमचा जन्म गेला. एकदा तुम्ही मला म्हणाला होतात, "बाई, माजा संसार पोस्टमननं केला." ते मला झोपू देत नाही. माझा पोस्टमन चांगला आहे, पण मला तो नको.

ता. क. तिसरा. हे आले. एका हातात चहा, दुसऱ्या हातात ह्यांनी माझ्यासाठी काढलेलं बंगळूरचं तिकीट. मी काढलेलं मी दाखवलं. दोन्ही तिकिटं बाकावर शेजारी ठेवून बघत बसलो, चहाला साय धरली. आत्याबाई, आईला न विचारता ह्यांनी जन्मात केलेली ही पहिलीच गोष्ट. ती सासूबाईंना चुकूनही कळू देऊ नका, त्यांना सोसायचं नाही. सुनेनंच पोराला पळवून नेलं म्हणून सांगा.