गॅस मीटरमागच्या पुड्या

४ मार्च
दक्षिण कोरियात, देगू शहरातल्या आमच्या चांगल्या बिल्डिंगमध्ये, जिन्यातल्या गॅस मीटरच्या मागे कोणीतरी काळ्या चिकटपट्टीने पुडी चिकटवून ठेवली. आत पांढरी पावडर. झुरळं मारायची असणार. शी! कचरा वेगळा करायचा आळस, दुसरं काय! पावडर संडासात ओतली, पिशवी धुऊन प्लास्टिक कचऱ्याच्या डब्यात टाकली. नन्सच्या शाळेतली शिस्त. जाईल कशी?

७ मार्च
आणखी दोन. वॉचमन बोक म्हणतो, मॅडम, नसत्या वस्तूला हात कशाला लावता? म्हणूनच तो वॉचमन राहिला.

१० मार्च, सकाळी ८
समोर करड्या गाडीत दोन पुरुष. तिसरा दिवस, शर्ट तेच. कपातले नूडल्स सुरसुर ओढतात, लॅपटॉपमध्ये डोकं खुपसतात. पेपरात आलंय, मालकाचा पत्ताच लागत नाही अशा वेबसाइटवर लोक नशा विकतात, आणि पोलीस हतबल. वायर उपटायला किती अक्कल लागते? हेच ते दुकानदार. मी पकडून देणार. मानपत्र शाळेतल्या सिस्टर आगाथांच्या फोटोखाली लावीन.

१३ मार्च
आजवर अकरा पुड्या ओतून झाल्या. पोलिसांना चौथा फोन. नोंद केलीय आजी, म्हणे. आजी कोणाची?
शेवटी स्वतःच गाडीच्या काचेवर छत्री आपटली. सगळ्यांदेखत झाडलं. आतला चष्मेवाला हात जोडून म्हणाला, आजी, पाया पडतो, हळू बोला. चोराच्या उलट्या बोंबा! जिन्याशी आलेला एक हेल्मेटवालासुद्धा माझा आवाज ऐकून पळाला. याला म्हणतात वचक.

१७ मार्च
उद्या दहाला पोलीस ठाण्यात बोलावलंय. अखेर! केस सेट केले. मोत्यांचा ब्रोच. भाषण तीन मिनिटांचं, विषय कचरा.

१८ मार्च
समोर चष्मेवाला. डिटेक्टिव्ह प्यो. ती नशा विकणारी वेबसाइट महिनाभर गुपचूप यांच्याच ताब्यात. मुद्दाम चालू ठेवलेली, पुड्या कोण उचलतं ते बघायला. कॅमेऱ्यात अकराच्या अकरा मी उचलल्या. म्हणजे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मी. बाकीच्या गिऱ्हाइकांनी माल मिळत नाही म्हणून बोंब मारली, तेव्हा वेबसाइटचा मालक स्वतः बघायला आला. हेल्मेट घालून. महिनाभर याच क्षणाची वाट बघत होतो आजी, प्यो म्हणाला.
माल कुठाय, विचारलं. ओतला, म्हटलं. पिशव्या? धुतल्या. त्याने कपाळ टेबलावर टेकलं.
मग माझ्या सेट केलेल्या केसांतली बट कापली. नशा केलीय का ते तपासायला, म्हणे. किळसवाणे लोक! नंतर जरा माणुसकी आठवली असावी, कागदी कप पुढे केला. साखर नको, असं मी स्पष्ट सांगितलं.
कप रिकामा होता. एक पोलीसबाई मला संडासापर्यंत सोडायला आली.