भिंतीकडे तोंड केलेला कॅनव्हास

३ मार्च, मंगळवार

समोरच्या खोलीतल्या खडूसने आज हद्द केली! सकाळी मोरीत गेले, तर माझे सगळे ब्रश दोरीवर वाळत घातलेले — चिमटे लावून, मोज्यांसारखे! शेजारी चिठ्ठी: 'धुतलेत. पुन्हा डब्यात कुजताना दिसले तर फेकून देईन.' सगळ्या घरासमोर शोभा. ठशांची चित्रं छापणाऱ्या आमच्या छपाईवाल्याने तर हसता हसता चहा अंगावर सांडला.

मी या चित्रकारांच्या घरात अजून कच्चं लिंबू. २१ तारखेला नवं चित्र मांडायचं, सगळ्यांनी 'हो' म्हटलं तर खोली पक्की. एकाने जरी नाही म्हटलं, तर परत दादा-वहिनीकडे, दिवाणखान्यातल्या सोफ्यावर. वहिनी वाईट नाही. पण मी त्या सोफ्यावर एकदा निळा रंग सांडला, तेव्हापासून मी दारात दिसले की ती आधी जुनी चादर शोधायला धावते.

आणि 'सगळ्यांत' खडूसही येतो. म्हणजे त्याच्याशी वाकडं घेणं परवडणार नाही. कळतं मला. तरी सूड घेणारच.

७ मार्च, शनिवार

घेतला!

या घरात एक नियम आहे. हॉलमध्ये जो कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवलेला दिसेल, तो बेवारस. मालकाने त्याचा नाद सोडला. रविवारी ज्याची पाळी असेल त्याने त्याला पांढरा रंग फासायचा, मग हवा त्याने न्यावा. कुणाचा होता, काय होतं — विचारायचं नाही. मावशी म्हणते, "फसलेल्या चित्राची चौकशी कशाला? ज्याचं त्याला पुरेसं लागलेलं असतं." मावशी मूर्तिकार, घरातली सगळ्यात जुनी. तिच्यापुढे कुणाचं चालत नाही.

खडूस चित्रं काढतो ती माणसांची, आणि पुरं होईपर्यंत कुणाला दाखवत नाही. त्याचा एक कॅनव्हास हॉलमध्ये चादरीखाली वाळत होता. स्वारी आज बहिणीकडे गेली. मी आधी कॅनव्हास उलटा केला, मग चादर काढली. चोरून बघितलं असं कुणी म्हणायला नको! संध्याकाळी येईल, बघेल, घर डोक्यावर घेईल. बस्स, एवढंच हवंय.

८ मार्च, रविवार

मेले!

खडूस आलाच नाही. बहिणीने ठेवून घेतलं. मी सकाळी भाजी आणायला गेले, परत येते तर छपाईवाला रोलर धुतोय. कॅनव्हास पांढराफटक!

"काय होतं रे त्यावर?"

"मला काय माहीत! चष्मा कपाळावर, फोन कानाला. का गं?"

"सहज."

खडूस यायच्या आत कॅनव्हास उचलून माझ्या खोलीत आणला. आता लपवायचा एकच मार्ग — त्यावर मीच काहीतरी रंगवायचं.

९ मार्च, सोमवार

खडूसने रिकामी जागा पाहिली. चादर उचलली, नीट घडी घातली. मावशीने विचारलं, "काही हरवलं का रे?"

"नाही."

एवढंच! नळ ठिबकला तरी तासभर भांडणारा माणूस! मी ताट तसंच ठेवून उठले.

१२ मार्च, गुरुवार

जोरात रंगवतेय. मोरीतलं भांडण — सगळं घर एका नळावर. मावशी बादली अडवून उभी, छपाईवाला काखेत रोलर घेऊन, मधोमध खडूस. त्याचं नाक जरा लांब केलंय. बरं, बरंच लांब केलंय. मधल्या भागात खालचा जुना रंग उंचसखल आहे, ब्रश अडखळतो. म्हणून तिथे नवा रंग सुरीने थापूनच लावला.

१७ मार्च, मंगळवार

कबूल करून टाकावं म्हणून त्याच्या दारापर्यंत गेले. टकटक केलं.

"कोण?"

"मांजर," म्हणाले, आणि पळाले. या घरात मांजर नाही!

हसू येतं, पण लाजही वाटते. मला त्याची फजिती करायची होती, चित्र मारायचं नव्हतं. किती महिने लावले असतील त्याने. आणि आता सांगितलं तर त्याचं 'नाही' ठरलेलंच.

२१ मार्च, शनिवार

सकाळी चित्र टांगलं. मावशी खो खो हसली — हो. छपाईवाला म्हणाला, "मी एवढा जाडा?" पण हो. बाकीच्यांचंही हो.

मग खडूस पुढे आला. नाक बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि चित्र खिळ्यावरून उतरवून उलटं केलं! मागे चौकटीच्या कोपऱ्यात एक लाकडी पट्टी ठोकलेली होती, तो स्वतःच्या प्रत्येक चौकटीला ठोकतो तशी. मी इतक्या दिवसांत तिकडे लक्षच दिलं नव्हतं! त्याने तिच्यावर अंगठा फिरवला. माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, संपलं. वहिनी, काढ ती चादर.

"हो," तो म्हणाला. चित्र परत टांगलं, सरळ आहे का ते मागे सरून बघितलं, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पक्की झाले! मावशीने मिठी मारली. मला रडू फुटलं, आणि सगळ्यांना वाटलं आनंदानेच.

२२ मार्च, रविवार

गेले. खडूसच्या दारातून या वेळी पळाले नाही. सगळं सांगितलं — ब्रश, सूड, भाजी, रोलर. आणि शेवटी विचारलंच.

"मग तू बोलला का नाहीस कुणाला?"

"काय होतं ते सांगावं लागलं असतं."

"काय होतं?"

"तू."

दुपारपासून हॉलमध्ये चित्रासमोर सुरी घेऊन बसलेय. त्या लांब नाकाखाली, पांढऱ्या रंगाखाली मी आहे. खरवडवत नाही — आणि उठवतही नाही.