घोडा आधी बरा झाला

१ मार्च, सकाळी ९
पोथी विभागाचा ताबा घेतला. महिनाभर चाचणी. विभाग कायमचा माझ्याकडे द्यायचा की नाही, ते तीस तारखेला कमिटी ठरवणार. संचालक माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, बाई, घाई करू नका. वर्गातही हेच म्हणायचा आणि पेपर अपुरा ठेवायचा.
कपाटे अकरा. पोथ्या दोन हजारांवर, लाल फडक्यात बांधलेल्या. पाने सुटी. शिवण नाही, टाचणी नाही. म्हणजे शिस्त नाही.
संकल्प: महिन्यात शंभर पोथ्यांची पाने क्रमाने लावून फोटो काढून घेणे. कोणावरही न ओरडणे.

२ मार्च
हाताखाली दोघे. काका फाटकी पाने दुरुस्त करतात, पिठाची खळ आणि तलम कागद लावून. दिवसाला चार पाने! विचारले, अशाने दोन हजार पोथ्या कधी व्हायच्या? म्हणाले, माझ्या हयातीत तरी नाही. हे काय उत्तर झाले? दुसरी फोटोवाली, माझ्या सुनेच्या वयाची. कानात कायम गाणी.
ओरडले नाही. मोठ्याने बोलले.

५ मार्च
पहिली पोथी घोड्यांच्या औषधांची. एकशे बारा पाने. पोथी कशी धरू नये, हे दोघांना दाखवत असताना ती खाली पडली. प्रात्यक्षिक यशस्वी.
पाने मीच लावली. आकड्याची बाजू वर, एकाखाली एक. अर्ध्या तासात काम फत्ते. काका मधेच म्हणत होते, बाई, तो आकडा असतो ना... मी म्हटले, आकडे मला शिकवू नका. छत्तीस वर्षे हजेरी घेतली आहे.

८ मार्च
पोथी वाचायला घेतली. लिहिणारा महागबाळा. वाक्य एकीकडे, शेपूट भलतीकडे. एका पानावर लिहून ठेवलेय की डोळे दुखतात, दिवस कलला, चुकले तर सांभाळून घ्या. याहून बऱ्या सबबी मी नववीच्या वर्गात ऐकल्या आहेत. दहापैकी चार देणार होते, तेवढ्यात काकांनी पेन्सिल काढून घेतली.

११ मार्च, दुपारी ३
उलगडा झाला! लिहिणारा गबाळा नाही, मोठा माणूस आहे. प्रत्येक पानावर आधी उपचार, मग रोग. आधी मलम, मग जखम. घोडा आधी बरा होतो, मग लंगडतो. म्हणजे काय? रोग व्हायच्या आधीच औषध! तीनशे वर्षांपूर्वी! कमिटीसमोर निबंध वाचणार.
घरी सांगितले. ह्यांनी विचारले, मग घोडा नुसते मलम बघूनच घाबरून लंगडला असेल का? कुजकट माणूस.

१७ मार्च
साठ पोथ्या झाल्या. विलक्षण प्रकार. स्वयंपाकाच्या पोथीत आधी पंगत, मग चूल पेटवणे. घरबांधणीच्या पोथीत आधी छप्पर, मग पाया. त्या काळी सगळेच असा विचार करत असणार. निबंध फुगतो आहे. काका दोनदा येऊन म्हणाले, बाई, एक मिनिट. एक मिनिट मागणारे तासभर खातात. परत पाठवले.

२४ मार्च
शंभर पूर्ण. निबंध बेचाळीस पाने. ह्यांनी विचारले, कमिटी नाही म्हणाली तर? मी म्हटले, प्रश्नच येत नाही. मग जेवताना माझ्याच तोंडून निघून गेले की घरातल्या सगळ्या डब्यांना लेबले लावून झाली, आता मी कोणाला काय सांगू? ह्यांनी विनोद केला नाही. मला ते आवडले नाही.

३० मार्च, संध्याकाळी
निबंध वाचला. चाळिसाव्या पानापर्यंत उत्तम शांतता. मग कमिटीतल्या एका बाईंनी मूळ पोथी मागवली. काका घेऊन आले. काकांनीच वरचे पान उचलले, पालथे केले आणि म्हणाले, आकडा पानाच्या मागच्या बाजूला लिहायची पद्धत असते. आमच्या बाईंनी सगळी पाने उलटी ठेवली आहेत. मग त्यांनी वाचून दाखवले: घोडा लंगडला, मलम लावले, घोडा बरा झाला. कमिटीने टाळ्या वाजवल्या. घोड्याबद्दल एवढी आपुलकी मला जरा जास्त वाटली.
मी विचारले, काका, आधी का नाही सांगितलेत? म्हणाले, पाच तारखेपासून सांगतोय. ही वही उघडून बघितली. तसे दिसते खरे. पण माणसाने ठणकावून सांगावे.

१ एप्रिल
विभाग काकांकडे गेला. मला वाटले, पिशवी उचलावी. पण काकांनीच संचालकाला सांगितले म्हणे, बाईंना राहू द्या, त्यांचा हात कापत नाही, माझा आता कापतो. बाहेर येऊन चष्मा पुसला. काचेवर धूळ होती.

१२ एप्रिल
शंभरही पोथ्या सुलट्या केल्या. आज नव्या कामाचा पहिला दिवस. फाटलेल्या जागी तलम कागदाचा तुकडा चिमट्याने धरून ठेवायचा, काका खळ लावतात. काम फार जबाबदारीचे आहे, हे मला लगेच कळले. अट एकच, तोंड उघडायचे नाही. कागद कांद्याच्या पापुद्र्याहून हलका, बोलण्याच्या वाऱ्यानेसुद्धा सुटतो.
पहिल्या तुकड्याच्या वेळी मी काकांना विचारले, बरोबर धरलाय ना? उडाला.
दुसऱ्याच्या वेळी सॉरी म्हटले. तोही उडाला.